एका भिंतीला एकच हात

पणजोबा चुन्याचे. घरोघरी पांढरा हात देत फिरले आणि अखेरपर्यंत त्यांच्या भुवया पांढऱ्या राहिल्या, त्या वयाने नव्हे, चुन्याने. आजोबा तेलरंगाचे. दरवाजा असा रंगवीत, की पाहुण्याने आत येण्याआधी त्यात तोंड पाहून केस सारखे करावेत. वडील उंचीचे. पाण्याच्या टाक्या, धुराडी, जिथे कावळासुद्धा विचार करून बसतो, तिथे बसून ते डबा खात. आणि या तिघांचा एकुलता वारस, ज्याला सगळी पेठ नुसते 'पेंटर' म्हणत असे, तो त्या सकाळी स्वतःच्याच अंगणात, जमिनीपासून जेमतेम कमरेइतक्या उंचीवर, शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारून डोळे मिटून उभा होता.

"उतर आता," खालून आत्या म्हणाली. "तुझ्यापेक्षा शिडीलाच घाम फुटलाय."

"चढतोच आहे."

"चढतोयस कसला, चिकटलायस. पाल तरी पुढे सरकते."

"आत्या, बोलू नका हो त्यांना," शिडी धरून उभी असलेली बायको म्हणाली. "पाय बघा, कसे लटपटतायत."

आत्याने पाय पाहिले आणि शिडीची दुसरी बाजू धरली. भावाच्या शिड्या धरण्यात तिची उमर गेली होती आणि त्या घराण्याची रीत तिच्याइतकी कुणालाच पाठ नव्हती. रीत अशी: एका भिंतीला एकच हात. ज्याने भिंत धरली त्यानेच ती पुरी करायची. ब्रश ओढण्याची प्रत्येकाची ढब वेगळी असते आणि दोन हात एका भिंतीवर कधीच एकजीव होत नाहीत.

अडचण नेमकी तिथेच होती. टेलरबाईंची भिंत अर्धी राहिली होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. टेलरबाईंचे शिवणाचे दुकान म्हणजे पूर्वीचे गोदाम. छत उंच, खाली यंत्रांची रांग. रंगाच्या मोबदल्यात बाईंनी पेंटरच्या घरची वर्षभराची शिवण आधीच करून दिली होती. पेंटरने डाव्या अंगाने सुरुवात केली, छतापासून जमिनीपर्यंत फिका पिस्ता रंग देत मध्यावर आला, आणि पायाखालची बांबूच्या परांचीची फळी सरकली. डबा खाली गेला. पेंटरने वरच्या लोखंडी तुळईला हात घातला आणि लोंबकळत राहिला. टेलरबाईंनी जागच्या जागी निर्णय घेतला. कपाटातले कापडाचे गठ्ठे ओढून त्यांनी खाली ढीग रचला, आणि पेंटर त्या ढिगावर पडला. नुसता घोटा मुरगळला.

पेठेच्या हिशेबी तिथे गोष्ट संपली. "नशीबवान आहेस लेका!" म्हणून जो तो त्याची पाठ थोपटी. पेंटरची गोष्ट मात्र तिथे सुरू झाली. कुठे डबा वाजला, की तो जागच्या जागी थिजे. झोपेत मुठी आवळी. शिडी चढू लागला, की अंगाचा दगड होई. आणि हाड मोडले नाही, रक्त आले नाही, मग दुखते कुठे, असे लोक विचारत, आणि तो बरा झालेला घोटा पुढे करी. ज्याला काहीच झाले नाही, त्याने बरे तरी व्हायचे कशातून?

घराची चूल बायकोने सावरली. ती शिडीवर चढू लागली. खिडक्यांचे गज, दारे, कुंपणे पेंटरने रंगवायची आणि भिंती तिने. वरची बायको, खालचा नवरा, असे लोक हसून म्हणत आणि तोही हसे. पण टेलरबाईंच्या भिंतीला त्याने तिला ब्रश लावू दिला नाही. बाईंनीही दुसरा माणूस बोलावला नाही. डावी अर्धी भिंत पिस्ता, उजवी अर्धी कळकट. मधल्या रेघेवर त्यांनी, जिथवर हात पोचला तिथवर, एक लेस टाचून दिली. गिऱ्हाइकाने विचारलेच तर म्हणत, "कच्चा टाका आहे. पेंटर येऊन पक्का करणार आहेत."

त्या एका वाक्याखाली पेंटर तीन वर्षे दबून होता.

अंगणातल्या त्या सकाळनंतर बायकोने त्याला दवाखान्यात नेले, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला मनाचे उपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवले. तरुण, चष्मा लावणाऱ्या, बोलण्यात खणखणीत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एक उपचार सुचवला. त्या दिवशीचा प्रसंग मनात धरायचा, आणि त्याच वेळी बाईंची बोटे डावीउजवीकडे हलतील त्यांच्या मागे नुसते डोळे न्यायचे. थोडे झाले, की थांबून काय वाटले ते सांगायचे.

ही बातमी घरी पोचली तेव्हा आत्याने चहाचा कप खाली ठेवला.

"डोळे हलवून भीती जाते? मग टेबलटेनिस बघणारे सगळे शूरवीर झाले असते!"

"मीही तेच विचारलं," पेंटर म्हणाला.

"मग?"

"म्हणाल्या, हे नेमकं का लागू पडतं, यावर त्यांच्यातही वाद आहेत. पण पुष्कळांना उतार पडलाय. सगळ्यांनाच पडतो असं नाही. भुरळ घालणं नाही, इंजेक्शन नाही. नको वाटलं तर हात वर करायचा, त्या थांबतील. आणि आठवण पुसली जात नाही, तिची धार जाते."

आत्याला हे उत्तर मनातून आवडले. जो माणूस माल विकताना त्याची खोटही सांगतो, त्याच्याशी व्यवहार करावा, असे तिचे मत होते. तोंडाने ती एवढेच म्हणाली, "बाई सरळ दिसते."

तरी पेंटरने आठवडा ढकलला. एकदा सर्दी झाली, एकदा ब्रश धुवायचे निघाले. शेवटी बायकोने त्याला उंबऱ्यावर गाठले.

"खरं सांगा. कशाला घाबरताय?"

तो नखातला रंग काढू लागला. "लोक म्हणतात, हात सुटला. सुटला नाही. मी सोडला. बाबांनी वादळातसुद्धा दोर सोडला नव्हता. आणि मी सोडला. ते सगळं तिथे परत बघावं लागेल."

"मग बघा."

"आणि खरंच भित्रा निघालो तर?"

"तर भित्रा नवरा. मी काय बदलून घेणार आहे? ओल तशीच ठेवून वरून रंग दिलात का कधी कुणाच्या भिंतीला? आधी खरवडता ना?"

दुसऱ्या दिवशी तो गेला.

पहिल्या काही भेटी नुसत्या बोलण्यात, आणि घाबरल्यावर मन कुठे टेकवायचे ते शिकण्यात गेल्या. मग बाईंनी खुर्ची समोर घेतली आणि दोन बोटे हलवू लागल्या. पेंटरने डोळे हलवले. डोळ्यांबरोबर मान हलली, मानेबरोबर खांदा, आणि मांडीवरचे मनगट आपोआप ब्रश ओढू लागले.

"नुसते डोळे, पेंटर," बाई म्हणाल्या.

"बाई, रागावू नका, पण तुमचा हात शेवटाला वर जातो. पट्टी तिरकी येईल."

बाई हसल्या, अगदी चष्मा काढून डोळे पुसण्याइतक्या हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, सरळ ओढते. आता त्या तुळईपाशी चला."

तो गेला. मनात डबा पुन्हा पडला. घामाने शर्ट पाठीला चिकटला. बोटे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"काय येतंय?"

"लोखंड. गार. बोटं जळतायत."

"तिथेच राहा. परत."

असे कितीदा तरी झाले. एकदा त्याने हात वर केला, पाणी प्याला, आणि स्वतःच म्हणाला, चला. आणखी एका भेटीत मात्र तो मध्येच थांबला आणि त्याने नाक वर केले, जसे कुणी घरात शिरताना स्वयंपाकाचा अंदाज घ्यावा.

"वास येतोय."

"कसला?"

"कोऱ्या कापडाचा. खाली ढीग आहे. आधी दिसतच नव्हता, नुसती फरशी दिसायची. आणि टेलरबाई ओरडतायत. 'सोडा! पेंटर, हात सोडा, मी रचलंय!'" त्याच्या मुठी उघडल्या. "मी ऐकलं म्हणून सोडला. बाई, मी ऐकलं म्हणून सोडला."

परतीच्या वाटेवर तो थेट दुकानात शिरला.

"बाई, त्या दिवशी तुम्ही मला हात सोडायला सांगितलं होतं?"

टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "सांगितलं? घसा बसला माझा! दोन दिवस गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलत होते. तुम्ही आपले वटवाघळासारखे लटकून. शहाणे असाल तर सोडाल, असं म्हटलं, आणि सोडलात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत? रेघ दिसली, की मान खाली घालून पळायचात."

भीती एका दिवसात गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. अंगणातली शिडी रोज एक पायरी देत गेली, कधी एक परतही घेत गेली. पण महिना सरता सरता, एका स्वच्छ सकाळी, पेंटरची सगळी वरात टेलरबाईंच्या दारात उभी राहिली: पुढे आत्या, मागे डबे आणि शिडीचे एक टोक घेतलेला पेंटर, शेवटी शिडीचे दुसरे टोक धरून बायको.

आत्याने खुर्ची मागितली आणि भिंतीसमोर न्यायाधीशासारखी बसली. बाईंनी लेसच्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"उजवीच बाजू द्यायची ना?" त्यांनी विचारले.

"सगळी भिंत. रंगाचा दुसरा हात डावीकडेही राहिलाच होता," पेंटर म्हणाला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

बायकोने शिडी धरली. छताजवळ पोचल्यावर त्याने तुळईला डाव्या हाताने स्पर्श केला. लोखंड गारच होते. खाली यंत्रे थांबली. मग त्याने हात काढला आणि ब्रश उचलला.

"थरथरतोयस का रे?" आत्याने विचारले.

"थोडा."

"तुझा बापही थरथरायचा. शिडी मी धरायचे, मला कळायचं. पट्टी सरळ ओढ."

दिवस कलला तेव्हा तो खाली उतरला. टेलरबाई भिंतीपासून मागे मागे जात समोरच्या यंत्राला टेकल्या. त्यांनी डावीकडून उजवीकडे नजर नेली, मग उजवीकडून डावीकडे, सावकाश. आणि ती कुठेही अडली नाही.

"टाका दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग लेसची नीट घडी करून त्यांनी ती पेंटरच्या ओल्या, पिस्ता रंगाच्या तळव्यावर ठेवली. "फिटलं, पेंटर. पुरतं फिटलं."