मिरीचा मऊ पाव

बेकरीवाल्याने त्या दिवशी सकाळी पोरीला तीन वेळा तराजूवर बसवलं. पिठाची पोती तोलायचा मोठा तराजू, त्यावर धुतलेलं फडकं अंथरलेलं. तिन्ही वेळा काटा दहा किलोच्या पुढे गेला आणि तिन्ही वेळा त्याने काट्याकडे संशयाने पाहिलं. बावीस वर्षं ज्या तराजूवर त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला होता, त्याची आज त्याला खात्री वाटेना.

"बाबा, मी पीठ आहे का?" पोरीने विचारलं.

"पिठापेक्षा महाग आहेस. हलू नकोस."

घरात तिला सगळे मिरी म्हणत. चौथं वर्ष लागलं होतं, पण अंगाने दीड वर्षाची दिसायची, आणि जीभ मात्र नावाला शोभणारी. जन्मापासून तिच्या दोन्ही किडन्या अर्ध्यामुर्ध्या कामाच्या. अशा मुलांना भूक लागत नाही, बळेबळे भरवलं तर अंगी लागत नाही, आणि जे अंगी लागेल त्यातल्या निम्म्या गोष्टींना बंदी. आईची किडनी तिला जुळत होती, आई द्यायला एका पायावर तयार होती. अडलं होतं ते वजनावर. मोठ्या माणसाची किडनी मावायची तर एवढ्याशा पोटात जागा नको? डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, दहा किलो भरली की ऑपरेशनची तारीख देतो. गेलं वर्षभर मिरी साडेनवाच्या आसपास घुटमळत होती, आणि या तीन आठवड्यांत अचानक भराभर वर चढली होती.

ते का, हे बेकरीवाल्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते त्याने पोटात ठेवलं होतं. डॉक्टरांसमोर सांगायचं त्याने मनोमन ठरवलं होतं.

हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ बाईंनी मिरीला त्यांच्या काट्यावर उभं केलं. दहा किलो चाळीस ग्रॅम. बाईंनी लगेच वाकून मिरीच्या घोट्यावर बोट दाबलं. अंगात पाणी साठलं तरी वजन वाढतं, आणि मग बोट दाबलं की तिथे खड्डा राहतो. खड्डा राहिला नाही. बाईंनी दुसरा पायही दाबून पाहिला.

"खरं वजन आहे हे," बाई म्हणाल्या. "सूज नाही. मिरे, तू खाल्लंस तरी काय?"

"पाव," मिरी म्हणाली. "बाबांचा. तुम्हाला नाही देणार."

बेकरीवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. तो बायकोच्या कानाशी लागून म्हणाला, "बघितलंस?" तिने मिरीचा फ्रॉक उगाच दोनदा सारखा केला.

तासाभराने रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांच्या खोलीतलं हसणं थांबलं. पोटॅशियम सहाच्या वर गेलं होतं. मागच्या महिन्यात ते पाचच्या आत होतं. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा तोच आकडा. हृदयाचा आलेख काढला, तो सुदैवाने ठीक निघाला. डॉक्टरांनी रक्तातलं पोटॅशियम उतरवणारी पावडर मिरीला तिथेच पाजायला लावली आणि मग ते दोघांकडे वळले.

"याची कारणं दोनच," ते म्हणाले. "एक तर किडन्यांनी हात टेकले. मग आधी पोटात नळी घालून डायलिसिस सुरू करावं लागेल, आणि ऑपरेशन पुढे जाईल. किंवा पोटॅशियम तोंडावाटे जातंय. शुक्रवारी आमची बैठक आहे, त्यात तारखा ठरतात. त्याच्या पुढची बैठक दोन महिन्यांनी."

बेकरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. पोटात नळी घालून दोन महिने काढले तर मिरी पुन्हा साडेनऊवर यायची, हे सांगायला त्याला डॉक्टर नको होता.

आहारतज्ज्ञ बाईंनी वही उघडली. पोलिसाने जबानी घ्यावी तशा त्या मिरीच्या आईकडून एकेक गोष्ट काढून घेऊ लागल्या. फळं? सफरचंद, अर्धं, सोलून. केळं? घरात आणतच नाही. टोमॅटो? नाव काढलं तरी सासूबाई ओरडतात. बटाटा?

"तुम्ही सांगितलं तसाच. सोलायचा, पातळ चिरायचा, भरपूर पाण्यात उकडायचा, आणि ते पाणी काढून टाकायचं."

"टाकता ना?"

"मी नाही टाकत. हे नेतात बेकरीत. दुकानाच्या पावाला."

बाईंनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. गड्याला वाटलं, आपण वाट पाहत होतो ती वेळ हीच. डॉक्टर आहेत, बाई आहेत, सांगून टाकावं. "दुकानाच्या नाही हो," तो म्हणाला. "मिरीच्या. बिनमिठाचा, बिनदुधाचा पाव तिला कोरडा लागायचा, थुंकून टाकायची. मग मला पाव शिकवणाऱ्या आमच्या वस्तादांची आठवण झाली. बटाट्याच्या पाण्यात पीठ मळलं की पाव असा फुलतो, कापसासारखा. तीन आठवडे झाले, रोज चार तुकडे खाते."

बायकोने हळूच कपाळाला हात लावला.

"अहो, ते पाणी का टाकायचं माहीत आहे ना?" बाईंनी विचारलं. "बटाट्यातलं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं म्हणून."

"माहीत आहे की. प्यायला नाही द्यायचं. पण हे भट्टीत जातं. तिथे सगळं जळून जातं."

"तो क्षार आहे, मिठासारखा. तुमच्या भट्टीत मीठ जळून जातं का?"

एवढी वर्षं बेकरीवाल्याने रोज मीठ भट्टीत घातलं होतं आणि रोज ते पावात जसंच्या तसं बाहेर आलं होतं. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? आपल्याच हाताने आपण पोरीला ते खाऊ घातलं, तेही लाडाने, चार तुकडे झाल्यावर पाचवा घे म्हणत. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं त्याला झालं.

पण बाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता. "तुम्हाला कळतंय का, ही चांगली बातमी आहे? कारण सापडलं. किडन्या आहेत तशाच असतील."

"असतील," डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारी सकाळी पुन्हा रक्त तपासू. तोवर पावडर चालू, आणि मधल्या दिवशी इथे आलेख काढून जायचा. पोटॅशियम उतरलं आणि वजन दहाच्या वर राहिलं, तर बैठकीत मी तिचं नाव पुढे करतो. पण तो पाव बंद."

तो पाव बंद झाला, तर मिरी खाणार काय? हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते बेकरीवाल्याकडे असायला हवं होतं. बुधवारची दुपार चालू होती.

तो घरी न जाता थेट बेकरीत शिरला. दुकानाचं काम त्याने कारागिराच्या गळ्यात मारलं आणि स्वतः एक लहान परात घेऊन बसला. पहिला पाव साध्या पाण्याचा. मिरीने चावला आणि जाहीर केलं, "वाळू आहे." दुसऱ्यात त्याने तेल दुप्पट घातलं. मिरीने बोटं फ्रॉकला पुसली आणि तोंड फिरवलं. गुरुवारी सकाळी, आलेख काढायला गेले तेव्हा, हॉस्पिटलचा काटा दहा किलो दहा ग्रॅमवर आला होता. परतल्यावर बेकरीवाला तिला दर तासाला तोलायला लागला, तेव्हा बायकोने तराजूवर पोतंच ठेवून दिलं.

"तोलून वजन वाढत नाही," ती म्हणाली. "डोकं चालवा. वस्तादांना विचारा."

"वस्ताद आता आहेत कुठे?"

"मग तुम्हीच वस्ताद. त्या पाण्यात असं होतं तरी काय, की पाव मऊ व्हायचा?"

बेकरीवाला उत्तर द्यायला गेला आणि तोंड उघडं ठेवून थांबला. काय असायचं त्यात? ते पाणी गढूळ असायचं, बोटांना चिकट लागायचं. चिकट कशाने? बटाट्यातल्या पिठाने. खळीसारखं. पण खळ तर कोणत्याही पिठाची होते. ती करायला बटाटाच कशाला हवा?

तो असा काही उठला की परात उलटी झाली. मूठभर मैदा त्याने साध्या पाण्यात कालवला, मंद आचेवर ठेवला आणि घोटत राहिला. हळूहळू ते आळलं, चकचकीत झालं. ती खळ गार होईपर्यंत त्याला धीर निघेना. बायको पंख्याने वारा घालत होती आणि दोघेही शाळकरी पोरांसारखे पातेल्यात वाकून बघत होते. खळ घालून त्याने पीठ मळलं. पीठ हाताला लागताच त्याला कळलं, जमलं. कारागीरही आपलं काम सोडून बघायला आला.

दुपारी साचा उघडला. पाव दाबला की खाली बसत होता आणि सोडला की सावकाश वर येत होता. मिरीला कट्ट्यावर बसवलं. तिने आधी वास घेतला. मग कड तोडून खाल्ली, मग मधला गर. तिघे मोठे लोक श्वास रोखून तिच्या जबड्याकडे पाहत होते.

"अजून," मिरी म्हणाली.

बेकरीवाला तोंड फिरवून भट्टीकडे बघत उभा राहिला. भट्टीत बघण्यासारखं काहीच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काटा दहा किलो तीस ग्रॅमवर थांबला. बाईंनी घोटे दाबून पाहिले, खड्डा नाही. रक्त दिलं आणि मग बाकावर बसून वाट बघणं सुरू झालं. बेकरीवाला तासाभरात तीन वेळा पाणी प्यायला. मिरी मात्र पिशवीतून पाव काढून शेजारच्या बाकावरच्या, तिच्याएवढ्याच रोडक्या मुलीला एक तुकडा द्यावा की नाही, याचा गंभीर विचार करत होती.

डॉक्टर स्वतःच बाहेर आले. "चार पूर्णांक आठ," ते म्हणाले. "किडन्या आहेत तशाच आहेत. बैठकीत मी आज नाव मांडतोय. पुढच्या महिन्याची बारा तारीख धरून चाला."

बायकोने मिरीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की मिरी म्हणाली, "आई, पाव दबतोय." बेकरीवाला हसायला गेला आणि रडलाच. त्याला त्याची लाज वाटली नाही.

आहारतज्ज्ञ बाई कागद आणि पेन घेऊन आल्या. "या पावाची कृती लिहून द्याल का? माझ्याकडे अशी एकोणीस मुलं आहेत. सगळ्यांचा पाव कोरडा."

आपली कृती बेकरीवाल्याने आजवर सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती. त्याने कागद गुडघ्यावर घेतला. मैदा किती, खळ किती, आच कशी, हे सगळं तो पुढे लिहिणारच होता. पण सगळ्यात वर त्याने लिहिलं, "बटाटे उकडलेलं पाणी मोरीत ओतावं," आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.