पन्नासच्या जागी त्रेपन्न

मित्रांनो, माझ्या पोटात नव्वद मिनिटं मावतात. मी आहे एक जुनी कॅसेट. तुमच्यापैकी कित्येकांनी मला हातातही घेतलं नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देते. गंजाच्या रंगाची बारीक भुकटी चिकटवलेली एक लांब फीत दोन चाकांवर गुंडाळलेली असते, तीच मी. आवाज आला की त्या भुकटीतले कण चुंबकासारखे एक दिशा धरतात आणि पुढे तशीच धरून ठेवतात. मात्र एक गोष्ट माझ्या अंगावर उमटत नाही, ती म्हणजे वेग. भरताना मला किती वेगाने ओढलं होतं, ते मला सांगता येत नाही. वाजवणारा फिरवील तशी मी बोलते. माझं सगळं दुखणं इथूनच सुरू झालं.

२००८ च्या मे महिन्यात मला लातूरच्या एका दुकानातून आनंदराजने आणलं. त्याचे वडील एका डाळ मिलमध्ये विजेच्या मोटारी दुरुस्त करायचे. आनंदराज, त्याची चुलतबहीण बुद्धप्रिया आणि जळकोटची शिवकांता असा तिघांचा एक पंक बँड होता, त्याचं नाव 'बेमुदत बंद'. पंक म्हणजे मोजके सूर, मोठा आवाज आणि दोन मिनिटांत संपणारं गाणं. त्यांची पहिली गाणी कॉलेजातल्या पोरांनी डोक्यावर घेतली होती. पण शिवकांताला दुसऱ्या वेळी वेगळं काही करायचं होतं. तिने गाणी लांबवली, संथ केली. ढोल-ताशे बाजूला ठेवून बुद्धप्रियाला मिलच्या चाळणीच्या खडखडाटावर ताल धरायला लावला. त्या अल्बमचं नाव तिने 'फोलपट' ठेवलं.

शिवकांताचा आवाज जाड आणि खालचा होता. शाळेच्या समूहगीतात तिला नुसते ओठ हलवायला सांगत. 'फोलपट'मध्ये ती पहिल्यांदाच स्वतःच्या पट्टीत गायली. ती आठ गाणी मी अंगावर घेतली, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

गाणी मिलमध्येच भरली. गिटारचा आवाज मोठा करणारा खोका मिलच्या विजेवर चालायचा. मला धरणारा टेपरेकॉर्डर मात्र चार सेलवर चालायचा, कारण तिथे पिन खोचायची जागा एकच होती. सेल मंदावले की आनंदराज ते काढून मिलच्या पत्र्यावर उन्हात टाकायचा. तापले की परत घालायचा आणि पुढचं गाणं भरायचा. आमच्याकडे घरोघर रेडिओचे सेल असेच वाळवत. त्यात काही चुकतंय, असं कुणाला वाटलंही नाही. त्याच सेलवर मला लगेच वाजवलं की सगळं बरोबरच ऐकू यायचं, कारण भरतानाही मी हळू फिरत होते आणि वाजतानाही हळूच.

पण सीडी करायला मला नांदेडच्या दुकानात नेलं, तिथलं यंत्र पूर्ण वेगाने फिरणारं होतं. शिवकांताचा आवाज वर चढला, बारीक आणि चिरका झाला. तिने भांडण काढलं, तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, कॅसेट जशी हाय तशी उतरली." त्याचं खोटं नव्हतं. शंभर सीडी होऊन गेल्या होत्या. पोरं ऐकून हसली. "कार्टून लावलंय का?" असं विचारू लागली. वर्षभरात बँड मोडला. शिवकांता जळकोटच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, आनंदराज कंधारला गेला आणि मी एका पत्र्याच्या पेटीत पडले.

मित्रांनो, दुर्लक्ष मी सोसलं असतं. चीड आली ती पुढच्या कौतुकाची. कुणीतरी ती सीडी इंटरनेटवर टाकली आणि लोक तिच्यावर लिहू लागले. गायिकेने स्वतःचा आवाज मुद्दाम मोडला, हे केवढं धाडस, असं कुणी लिहिलं. त्या चिरकेपणात कुणाला मराठवाड्याचा संताप दिसला. मला ओरडून सांगावंसं वाटे की ते धाडस नाही, संतापही नाही, ते चार थकलेले सेल आहेत.

मागच्या वर्षी नांदेडच्या हरिओमने 'फोलपट' वाढीव रूपात पुन्हा काढायचं ठरवलं. तो पदार्थविज्ञान शिकलेला. एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर त्याची ध्वनिमुद्रणाची खोली आहे. आठ गाण्यांना माझ्या दुसऱ्या बाजूचा सराव आणि गप्पा त्याला जोडायच्या होत्या. त्याने मला पेटीतून मागवलं, बुरशी पुसली आणि गाण्यांमागची गुणगुण काढून टाकण्यासाठी तिचा आलेख उघडला. तो थबकला.

त्या रविवारी त्याने शिवकांता आणि आनंदराजला बोलावून घेतलं.

"अक्का, हे बघा," तो शिवकांताला म्हणाला, "ही गिटारमदून आलेली विजेची गुणगुण हाय. सेकंदाला पन्नास डाव थरथरायला पायजे. इथं त्रेपन्न दाखवून राहिलंय. शेवटच्या गाण्यात तर चोपन्न."

"वीज बोर्डाची चूक आसंल," आनंदराज म्हणाला.

"वीज एवढी हुकली तर सगळ्या मिली बंद पडतेत, काका. भरताना कॅसेट हळू फिरली आसंल. सेल कसले होते?"

आनंदराजने मान खाजवली. "चांगले होते की. बसले का पत्र्यावर टाकायचो. अर्ध्या घंट्यात उठायचे."

"किती डाव उठवले?"

"धा-बारा डाव."

शिवकांता त्याच्याकडे वळली. "आनंद्या, मेलेल्या सेलवर माझा आवाज भरला तू? अन् मी सतरा साल त्या दुकानदाराला शिव्या देऊन राहिले."

"तूच म्हणली होती, नवे कशाला, हेच चालतेत."

ते खरं होतं.

हरिओमने गुणगुण पन्नासवर येईल इतका वेग उतरवला. खोलीत तिचा आवाज आला, जाड, खालचा, सावकाश. शिवकांताने खुर्चीची कड धरली. आनंदराज खिडकीबाहेर पाहू लागला. मला वाटलं, झालं, सुटले एकदाची.

"लई भारी हाय, अक्का," हरिओम म्हणाला. "हे आपण शेवटी टाकू. जादाची गाणी म्हणून."

"शेवटी का?"

"लोकांला तो बारीक आवाजच माहीत हाय. पुस्तिकेतला लेख त्याच्यावरच हाय, छापून बी झाला. पहिल्यांदा हे लावलं तर म्हणतेल, ह्यानं अल्बम खराब केला."

"म्हंजी चुकलेला तो अल्बम. अन् माझा आवाज जादाचा?"

"तसं न्हाई, अक्का."

"तसंच हाय. जादात मला टाकू नको. बुद्धप्रियानं अन् ह्यानं बी वाजवलंय, म्हणून तुझं काम आडवत न्हाई. फक्त कोणत्या गाण्यात किती गुणगुण भरती, ते आकडे छाप. ज्याला मी ऐकायची हाय, तो पन्नासवर आणून ऐकंल."

आनंदराज म्हणाला, "एवढं कोण करतंय, शिवकांता?"

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि पायात चपला घातल्या.

नवा 'फोलपट' गेल्या महिन्यात आला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मुद्दाम मोडलेल्या आवाजाची थोरवी आहे. शेवटच्या पानावर, आभारांच्या खाली, बारीक अक्षरात आठ आकडे आहेत. एकाने कळवलं की गाण्यांची मिनिटं चुकीची छापली आहेत. ती मिनिटं असती तर अल्बम सात तासांचा झाला असता, एवढाही हिशोब त्याने केला नाही.

मी आता हरिओमच्या खोलीत आहे. त्याने मला हवाबंद डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीशेजारी ठेवलंय. इतकी निगा माझी कधीच कुणी राखली नव्हती. पण मित्रांनो, मला कोरडं ठेवणं ही निगेची अर्धीच बाजू झाली. जुनी वस्तू हाती आली, तर ती कशी घडली ते आधी विचारा. घडवणारं माणूस जिवंत असेल, तर स्तुती करण्यापूर्वी त्यालाच विचारा. त्या आठ आकड्यांचं गणित संगणकावर एका मिनिटाचं आहे. वेग उतरवताना सूरही उतरू द्या, म्हणजे झालं.

दर रविवारी जळकोटहून हरिओमला फोन येतो. शिवकांता आजारी म्हशींचं बोलते, नांदेडला ऊन किती ते विचारते, आणि ठेवता ठेवता म्हणते, "कोणी काही लिवलं का रे, आकड्यांचं?"

"न्हाई, अक्का," तो सांगतो.

"बरं," ती म्हणते, पण फोन लगेच ठेवत नाही. तुमच्यातलं कुणीतरी ऐका, आणि पुढच्या रविवारच्या आत लिहा.