संशयाचा फायदा

"मास्तर, पाय!" काचेपलीकडून तंत्रज्ञ मुलगी ओरडली. "हललात ना? आता पुन्हा पहिल्यापासून."

मास्तरांनी साळसूद चेहरा केला. "डास चावला."

"इथं? या गारठ्यात?"

अख्खी नोकरी शाळेच्या मैदानावर "हलाल तर याद राखा!" असं दरडावण्यात गेलेल्या माणसानं मशीनच्या फळीवर मुद्दाम पाय झटकला होता. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. शिरेतून किरणांचं औषध द्यायचं, ते गाठी हुडकून त्यांना आतूनच जाळायचं. दोन डोस झाले होते. तिसऱ्याआधी हा फोटो. गाठी त्यात उजळल्या तर आजच डोस, नाहीतर बंद. फोटो पुसट आला तर संशयाचा फायदा फलंदाजाला, असा मास्तरांचा साधा हिशेब होता. तो फसला. दुसऱ्यांदा मात्र ते ओंडक्यासारखे पडून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "परवाच्या साध्या स्कॅनमध्ये या नव्या गाठी दिसतात. आजच्या फोटोत तिथं अंधार. आपलं औषध यांना ओळखतच नाही."

"माझा पाय हलला होता हो."

"हे पाठीचे मणके आहेत, मास्तर. आणि फोटो दुसऱ्यांदा घेतलाय."

"तरी द्या की एक! काटक आहे मी."

"गाठींना ढिम्म काही होणार नाही, अंगातलं रक्त मात्र कमी होईल. दुसरं औषध सुरू करू. पण याच्याइतका भरवसा नाही देत मी."

चुकलेल्या मुलासारखं मास्तर नुसते "बरं" म्हणाले. घरापर्यंतचा रस्ता त्यांनी तरातरा पायीच कापला; उभं राहिलं की भीती गाठत होती.

बायको आतल्या खोलीत पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तर थेट तिच्या शेजारी जाऊन टेकले.

"अहो, लांब बसा ना! डोस घेऊन आलात की अंगातून किरणं निघतात, आठवडाभर जवळ यायचं नाही, माहितीये ना? बाहेर गादी घातलीय तुमची."

मास्तर उठले नाहीत. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हातातली घडी तशीच राहिली.

ती बाहेरच्या खोलीत गेली, गादी गुंडाळून ठेवली, आणि त्यांची उशी आणून आपल्या उशीला लावून ठेवली.