सोळा कोअर कशाला?

कॉम्प्युटर बंद पडला त्या दिवसापासून धाकटे दीर जरा जास्तच गोड बोलायला लागले, आणि तिथेच वहिनींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

वहिनींना अख्खी गल्ली वहिनीच म्हणे. त्या घरबांधणीचे नकाशे काढायच्या. सकाळी साइटवर जाऊन मापं घ्यायची, दुपारनंतर घरी बसून ती कॉम्प्युटरवर उतरवायची, असा वीस वर्षांचा शिरस्ता. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात त्या आणि सासरे दोघंच. दीर चार गल्ल्या पलीकडे राहायचे. एरवी बल्ब बदलायला बोलावलं तरी आठ दिवस लावणारा हा माणूस त्या आठवड्यात तीनदा आला.

"वहिनी, या वेळी सोळा कोअरचाच प्रोसेसर घ्या," ते म्हणाले. "एकाऐवजी सोळा डोकी कामाला लागतील."

"माझं काम इतकी वर्षं एका डोक्यावर चाललंय, भाऊजी."

"अगं, तो म्हणतोय तर घे की," कोपऱ्यातून सासऱ्यांनी री ओढली. "पुढचा विचार करावा माणसाने."

वहिनींनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. सासरे म्हणजे उसवलेला सदरा चारदा शिवून वापरणारे गृहस्थ, आणि धाकट्या मुलाशी त्यांचं कधी म्हणून पटायचं नाही. आज बापलेकांचं एकमत? त्याच संध्याकाळी त्या गॅलरीत कपडे काढायला गेल्या, तर दोघं डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते. त्या दिसताच दीर म्हणाले, "आज हवा छान आहे, नाही?"

हवा कोंदट होती. पान हलत नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. ते कुठे, याचा सुगावा जुना कॉम्प्युटर उघडणाऱ्या दुकानदाराच्या बोलण्यातून लागला होता. "बाई, नकाशांनी प्रोसेसर असा जळत नाही," तो म्हणाला होता. "यावर रोज तासन्‌तास फार जड काम चाललेलं दिसतंय." वहिनींना आठवलं की साइटवरून परतल्यावर कॉम्प्युटरचा डबा हाताला गरम लागायचा. खिडकीतल्या उन्हाने तापला असेल म्हणून त्या सोडून द्यायच्या. घराची दुसरी किल्ली कोणाकडे होती? दिरांकडे. म्हणजे आपण उन्हातान्हात मापं घेत असताना हे सासऱ्यांना सामील करून इथे बसून कसले उद्योग करत होते? शेअर बाजार? जुगार? की याहून वाईट काही?

दुसऱ्या दिवशी त्या दिरांना घेऊनच दुकानात गेल्या. माणूस नजरेसमोर असलेला बरा.

दुकानदार दाढी खाजवत म्हणाला, "तुमच्या कामाला सहा कोअर भरपूर झाले. उगाच महागातला कशाला घेता?"

स्वस्तातली वस्तू घ्या म्हणणारा दुकानदार वहिनींनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यामुळे त्याच्यावरही संशय आला. पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय की काय? त्यांनी खोकं उलटंसुलटं करून सील तपासलं, कडेला नखाने खरवडून पाहिलं, छापलेली तारीख दोनदा वाचली. सगळं ठीक निघालं. मग पर्समधून पेनड्राइव्ह काढून त्या म्हणाल्या, "बोलणं पुरे. माझा सात मजल्यांचा नकाशा दोन्ही मशीनवर उघडून दाखवा."

दुकानदाराने उघडला. प्रत्येक कोअर किती राबतोय ते दाखवणारी खिडकीही बाजूला लावली. सोळावाल्या मशीनवर एकच चौकट उड्या मारत होती, बाकीच्या निवांत झोपलेल्या. सहावाल्यावर नकाशा उलट किंचित आधीच उघडला.

"बघा," दुकानदार म्हणाला. "नकाशाचं काम एकामागून एक चालतं. ते वाटून करता येत नाही."

वहिनी सावकाश दिरांकडे वळल्या. "मग सोळा कशाला हवेत, भाऊजी? आणि कोणाला?"

दिरांच्या कपाळावर घाम आला. ताकास तूर लागू न देणारा माणूस, पण या वेळी त्यांनी मुकाट्याने खिशातून आपला पेनड्राइव्ह काढला. "हे चालवून बघा," ते दुकानदाराला म्हणाले. "आणि वहिनी, रागवू नका."

या वेळी सोळाच्या सोळा चौकटी एकदम वर उसळल्या. पडद्यावर तुकड्यातुकड्याने चित्र उमटू लागलं. लिफ्टचा दोर सुटतो, पिंजरा खाली येऊ लागतो, आणि त्याच्या तळाचे लोखंडी जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना करकचून धरतात. मग एक हात दिसला. त्या जबड्यांपाशी गेलेला, आणि भोवती लाल रेषा. त्या हाताच्या तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं.

तो हात वहिनी रोज जेवायला वाढताना पाहत होत्या. सासऱ्यांनी चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली होती.

"बाबांनी?" त्यांनी विचारलं.

"वर्षभर शिकले," दीर म्हणाले. "मी फक्त सुरुवात करून दिली. नवीन मेकॅनिक न समजता हात घालतात, त्यांना दाखवायचंय म्हणतात. तुमच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही असा तुमचा नियम. आणि या वयात लोक हसतील, म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती."

वहिनींना राग आला होताच. जळलेला प्रोसेसर काही खोटा नव्हता. पण ते चित्र इतकं नेटकं होतं की त्यांच्यातली नकाशेवाली गप्प झाली. शेवटी त्यांनी दोन्ही खोकी बाजूला सारली आणि बारा कोअरचा प्रोसेसर मागितला. "सोळाचा हट्ट पुरवणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि थंड ठेवणारा पंखा चांगल्यातला लावा."

घरी सासरे दारातच उभे होते. दिरांचा चेहरा बघून ते सगळं समजले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," वहिनी म्हणाल्या. "शेअर बाजारापासून जुगारापर्यंत सगळे आळ मी मनातल्या मनात भाऊजींवर घेतले." दीर दचकले. सासऱ्यांना मात्र हसू आवरेना.

नवीन मशीन लागलं त्या दुपारी वहिनींनी सासऱ्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून शेजारी बसल्या. चित्र सुरू झालं. त्या नाक पडद्याला लागेल इतक्या पुढे वाकल्या.

"बाबा, पिंजरा आणि भिंतीतलं अंतर किती धरलंय तुम्ही?"

"अंदाजाने धरलंय."

"अंदाजाने कसं चालेल? शिकणारी पोरं हेच खरं मानतील." त्यांनी मापांची वही उघडली. "सरका जरा. आधी लिफ्ट वरखाली होते तो शाफ्ट नीट काढू."

सासरे सरकले. संध्याकाळपर्यंत दोघांची त्या अंतरावरून तीनदा जुंपली, आणि तिन्ही वेळा वहिनी जिंकल्या असं दीर सांगतात. सासरे मात्र दोनदाच म्हणतात.