पस्तीस वीत तार

"उस्तादाचा हात म्हणे! महिन्यात राख होती, अन् नाव केवढं," फहमिदा माझ्या खांद्याशी पुटपुटली. ते माझ्यासाठी नव्हतंच. पण औरंगपुऱ्यातलं आमचं पाण्याच्या मोटारी-हीटर दुरुस्तीचं दुकान एवढंसं, की दोन बायका उभ्या राहिल्या तर एकीचं मनातलं दुसरीला ऐकू येतं.

तिनं कागदाची पुडी टेबलावर उलटी केली. हीटरच्या कॉइलचे जळके तुकडे खळकन पडले.

"दोन हजार अंडी हैत उबवायच्या मशीनमदी, द्वारकाबाई," ती मला म्हणाली. "अठरा दिवस झाले. परवा पिल्लं निघायची. आतून आवाज येतो, अल्ला कसम! सासू गोधड्या टाकून बसली खुलताबादला. रिक्षा थांबवून ठिवली मी."

जब्बार उस्ताद गादीवरून उठले. "आत्ता देतो बेटी. मैं खुद आके बिठाता. सध्या लाईटच बेकार आहे."

"व्हय, लई वरखाली व्हायली लाईट," बन्सी कारागीर मोटारीतून डोकं न काढता म्हणाला. "अन् तारबी पयल्यासारखी येत नाय."

उन्हाळ्यापासून परत आलेली ही चौथी कॉइल. प्रत्येक वेळी आम्ही लाईटला नाही तर तारेला शिव्या घातल्या होत्या. दोघींनाही तोंड नाही, त्यामुळे सोयीचं पडायचं.

मी या दुकानात अकरा वर्षांपूर्वी जळक्या मोटारींचं तांबं सोलायला आले. पुढे मुलीचं नववीचं पुस्तक चाळताना दोन ओळी सापडल्या. व्होल्टला अँपियरनं भागलं की तारेचा रोध निघतो, तो ओहममध्ये. आणि दोन्हींचा गुणाकार केला की वॅट. या दोन ओळींनी मला जे वेड लावलं, ते लग्नानंही लावलं नव्हतं. घरची शेगडी, शेजारणीची इस्त्री, देवळातला बंब, काही म्हणता काही मोजल्याशिवाय सोडलं नाही मी. उस्तादांना मात्र गणित लागायचं नाही. या जातीची तार पस्तीस वीत मोजली की हजार वॅट. चाळीस वर्षं त्यांची वीत भरायची बरोब्बर नऊ इंच. "फुटपट्टी शिकाऊ लोकांना," असं ते म्हणायचे आणि ते खरंही होतं.

"थांबा," मी म्हणाले. "हिच्याबरोबर केलेली दुसरी कॉइल आहे ना फळीवर? आधी ती लावून बघू."

बोर्डावर दोन काटे आहेत, एक व्होल्टचा, एक अँपियरचा. मी कॉइल जोडली, बटण दाबलं. व्होल्टचा काटा दोनशे तीसवर जाऊन गप्प उभा राहिला.

"लाईट तर सरळ आहे," मी म्हणाले. बन्सीचं डोकं मोटारीत आणखी खोल गेलं.

दुसरा काटा सव्वाचारच्या थोडा पुढं थांबायला हवा होता. तो पाचाच्याही पुढं गेला. पाच पूर्णांक दोन! माझ्या पोटात एकदम फुलबाज्या उडाल्या. सिमेंटच्या पोत्याचा कागद ओढला, पेन्सिल कानावरून काढली. दोनशे तीस भागिले पाच पूर्णांक दोन. चव्वेचाळीस ओहम. हवे होते त्रेपन्न. गुणाकार केला.

"हजाराची कॉइल बाराशे वॅट खाती!" मी ओरडलेच.

"मग चांगलंच की," फहमिदा म्हणाली. "जास्ती गरम."

"जास्ती खाऊन कुणाचं भलं झालंय बाई? तारेला एवढा करंट सोसत नाही. लाल होती, मऊ पडती अन् तुटती."

"तार जाड आली असंल," उस्ताद म्हणाले. आवाज चढला नाही, उलट जरा उतरला. "जाड तारेचा रोध कमी."

हेही गणितात बसत होतं. मी हरखून बन्सीला जाडी मोजायचं गेज लावायला सांगितलं. त्यानं तार तीन ठिकाणी मोजली.

"नंबर तोच हाय," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

मग उरलं काय? लांबी. मी त्रेपन्नला चव्वेचाळीसनं भागलं, त्यानं पस्तीसला गुणलं. बेचाळीस. बरोबर बेचाळीस, एक वीत इकडे नाही, एक तिकडे नाही! सात वीत तार कमी पडत होती. असं स्वच्छ उत्तर मला जन्मात आलं नव्हतं. मी आनंदानं मान वर केली.

कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं.

उस्तादांनी तारेचं वेटोळं घेतलं होतं. "गणित होत राहील, बेटीचा जीव टांगणीला लागलाय," असं म्हणून त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. करंगळी पूर्ण उघडत नव्हती. अंगठा मुळाशी फुगलेला. चहाची बशी ते हल्ली दोन्ही तळव्यांत धरत, आणि चहा आला की आम्हा सगळ्यांना नेमकं कुठलं तरी काम आठवे. बावीस. तेवीस. बन्सीनं पाना उचलला, उगीच पुसला. फहमिदानंही आता त्या बोटांकडं पाहिलं आणि नजर रस्त्याकडं वळवली. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

चौतीस. पस्तीस.

उस्तादांनी पक्कड तारेवर ठेवली.

मी पकडीच्या जबड्यात माझं बोट घातलं.

"हात निकाल, द्वारका. कट जाएगा."

"आणखी सात मोजा, उस्ताद."

"सात कशाला? चाळीस साल पस्तीसच मोजतो मी."

"लाईट चांगली आहे," मी म्हणाले. "तारही चांगली आहे." पक्कड माझ्या बोटावर तशीच होती, आणि बोट काढण्याची मला हिंमत होत नव्हती. "तुमची बोटं वाकलीत, उस्ताद. तुमची वीत आखूड झाली."