आकार ठरेपर्यंत

गेल्या चार वर्षांत ज्या ज्या घरी विष्णुपंतांना "या, बसा" म्हणून आत घेतलं, त्या प्रत्येक घरी त्या दिवशी कुणीतरी गेलेलं होतं. यात अतिशयोक्ती नाही. पत्नी उमाताई होत्या तोवर बारशाची, मुंजीची, साठीशांतीची आमंत्रणं यायची. त्या गेल्या आणि लोकांच्या याद्यांतून विष्णुपंतही गळले. उरले ते मयताचे फोन.

त्याला कारण त्यांचा उद्योग. आनंदनगरच्या एका कारखान्यात टूलरूमला तीस वर्षं घासून माणूस निवृत्त झाला. फुलांशी संबंध काय तो देवपूजेपुरता. पण त्यांच्या टूलरूममधले आण्णा वारले तेव्हा कामगारांनी पुष्पचक्र आणायचं ठरवलं आणि विष्णुपंतांचं डोकं फिरलं. "जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस, त्याला चक्र कसलं देता?" म्हणाले, आणि वेल्डिंगची तार वाकवून त्यांनी लेथ मशीनचा सांगाडा केला. त्यावर केळीची सोपटं बांधली, सोपटांत पांढरी शेवंती खोचली. लोक बघत राहिले. तिसऱ्या दिवशी आण्णांचा मुलगा अस्थी गोळा करायला गेला, तर राखेत तारेची लेथ जशीच्या तशी उभी. हे ऐकून विष्णुपंतांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून तार बंद. बारवी धरणाकडच्या वाडीतला भीमा बांबूच्या कामट्या तासून आणून द्यायचा, त्या आणि सुतळी. माणसाबरोबर सगळं जळून गेलं पाहिजे, मागे काही राहता कामा नये.

लेथची गोष्ट उल्हासनगरच्या परमानंद फुलवाल्याच्या कानावर गेली. "पंतजी, फ्रेम आपकी, फूल मेरा," असा त्याने एका वाक्यात करार केला. मग अंबरनाथहून हार्मोनियमची मागणी आली, उल्हासनगरातल्याच कॅम्प चारमधून स्कूटरची, बदलापूरहून शिलाई मशीनची.

फोटोवरून मात्र विष्णुपंत कधी काम करायचे नाहीत. ज्याची वस्तू असेल त्याच्या घरी जायचे, टेप आणि कॅलिपर काढायचे आणि ती वस्तू मोजायचे. खरं सांगायचं तर त्याची काही गरज नव्हती. स्कूटर काय, सगळ्या सारख्याच. पण मोजताना घरातली माणसं जवळ येऊन बसायची. बाबा ही स्कूटर कधी कुणाला चालवू द्यायचे नाहीत, आई या मशीनवर रात्री गुणगुणायची, असं काहीबाही सांगायची. कुणी चहा द्यायचं. तासभर विष्णुपंत त्या घरचे होऊन जायचे. आणि मग ते घर संपायचं. पुढे महिन्याभराने तीच माणसं बाजारात दिसली, तर भाजीच्या गाडीवर वाकून बघायला लागायची. बरोबरच आहे, ज्याचं तोंड बघून तो दिवस आठवतो, त्याला कोण हाक मारणार?

आणखी एक होतं. मयताच्या घरातून निघताना "येतो" म्हणायचं नसतं. तसं म्हटलं तर पुन्हा त्याच कामासाठी यावं लागतं, अशी समजूत. एरवी मराठी माणूस "जातो" कधी म्हणत नाही, "येतो" म्हणूनच उंबरा ओलांडतो. पण अशा घरातून गुपचूप उठायचं आणि चालू लागायचं. विष्णुपंतांना दुसरं घरच नव्हतं. चिखलोलीच्या आपल्या चौथ्या मजल्यावरून निघताना सांगायचं कुणाला? मुलगा अनीश कॅनडात. रविवारी फोनच्या पडद्यावर नात ओवी हात हलवायची, अनीश म्हणायचा "चला बाबा, ठेवतो." चार वर्षांत त्यांच्या तोंडून "येतो" निघालंच नव्हतं, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर परमानंदचा फोन आला. "बदलापूर गाव में एक पार्टी है. विठाबाई नाम बोला. फोटो-बिटो कुछ नहीं, बोली आदमी को भेजो."

विष्णुपंत गेले. गावातली कौलारू घरं आता दोन इमारतींमध्ये एक अशी उरलीत, त्यातलंच एक. दारात गर्दी नाही, रडारड नाही. म्हटलं, माणसं अजून जमायची असतील. चेहऱ्यावर ठेवणीतलं दुःख आणून ते आत शिरले आणि हळू आवाजात म्हणाले, "केव्हा गेले?"

"कोण?" आतून सत्तरीची एक ठेंगणी बाई लसूण सोलत म्हणाली.

"ज्यांच्यासाठी फुलांचं करायचंय ते."

"ती मीच. बसा."

विष्णुपंत बसले. विठाबाईंनी समजावून सांगितलं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी आयुष्यभर पोळ्या लाटल्या. मूलबाळ नाही, नवरा तरुणपणीच गेला. वांगणीला नितीन नावाचा भाचा आहे, तो अग्नी देईल. शेजारची तेजस्वी तोंडात पाणी घालेल. सगळी सोय झाली, एवढं एकच राहिलंय. "त्या शिलाई मशीनवालीचं मी बघितलं. काय देखणं केलं होतं तुमी! पण तिला बिचारीला दिसलं का? नाय दिसलं. म्हणून मी आधीच ठरवून ठेवते. आकार मी सांगणार."

"सांगा ना."

"तेच तर कळत नाय," विठाबाई म्हणाल्या.

विष्णुपंतांनी पोळपाट-लाटणं सुचवलं. "अहो, जन्म गेला लाटण्यात. आता सरणावर पण लाटू?" तुळशीवृंदावन सुचवलं. "मी काय संत हाय?" शेवटी त्या म्हणाल्या, "घरी जाऊन विचार करा. पुढच्या गुरुवारी काढून आणा कागदावर." गुरुवारी परमानंद साईबाबांच्या हारांत बुडालेला असतो, आकारांचं काम घेत नाही. गुरुवार ठरला.

अशी सुरुवात झाली. विष्णुपंत ग्राफच्या कागदावर मोर काढून न्यायचे, सनई-चौघडा, बैलगाडी, एकदा तर लोकांच्या गॅलरीत असतो तसला झोपाळा. विठाबाई चष्मा लावून कागद बघायच्या, नाक मुरडायच्या आणि घावण टाकायला उठायच्या. मोर म्हणे पैठणीवर बरा. बैलगाडीत त्या एकदाच बसल्या होत्या आणि पडल्या होत्या. कागदाचं काम पाच मिनिटांत आटपायचं आणि नंतर तीन तास बोलणं. कॅन्टीनमधल्या साहेबांच्या नकला, उमाताईंच्या हातची आमटी, ओवीचे पडलेले दात. तिसऱ्या गुरुवारी ओटीवर एक नवी कोरी लाल प्लॅस्टिकची खुर्ची दिसली. "तुमचे गुडघे वाजतात खाली बसताना," विठाबाई म्हणाल्या, "ऐकवत नाय."

विष्णुपंत बुधवारीच सदरा इस्त्री करून ठेवायला लागले. हातात घेतलेलं काम वेळेत पुरं करणारा माणूस तो, पण हे काम पुरं होऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. आकार ठरला की काम संपलं, आणि काम संपलं की घर संपलं. हा हिशेब त्यांना चांगला पाठ होता.

आणि माघात एका गुरुवारी आकार ठरता ठरता राहिला. बोलता बोलता विठाबाईंनी आपल्या बापाची होडी सांगितली होती. नदीला पाणी चढलं की तो माणसं पलीकडे न्यायचा; ही पुढच्या टोकाला पाय सोडून बसायची. आयुष्यात काम न करता बसले ती तेवढीच, म्हणाल्या. विष्णुपंतांनी सवयीने होडी काढली. प्रमाणात, मापं टाकून, टोकाला बसायची फळीसुद्धा. विठाबाईंनी कागद हातात घेतला आणि नाक मुरडलं नाही. फळीवरून बोट फिरवलं.

आता ठरणार, हे विष्णुपंतांनी ओळखलं. आणि ते बोलून गेले, "पण होडीचं बूड बांबूत नीट वाकायचं नाही. मोडेल."

बांबूत स्कूटरची चाकं वाकवणारा, हार्मोनियमचा भाता उभा करणारा माणूस हे म्हणत होता. विठाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मोडंल?"

"हो. बांबूला तेवढा बाक पेलत नाही."

"मग राहू दे," विठाबाई म्हणाल्या. कागद मात्र परत दिला नाही, घडी करून ठेवला. विष्णुपंतांना घरी येताना रिक्षात स्वतःची लाज वाटली, आणि पुढचा गुरुवार सुटला नाही याचा आनंदही झाला. दोन्ही एकदमच.

होळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. नेहमीसारखे ते उठले, पिशवी घेतली, चपला घातल्या आणि निघाले. मागून आवाज आला, "ओ, थांबा जरा."

विठाबाई ओटीवर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "चार महिने बघते मी. तुमी उठता आणि चोरासारखे चालू पडता. मेल्या घरातून उठतात तसे. मी जिती हाय अजून. या घरातून माणसासारखं 'येतो' म्हणून जा."

विष्णुपंत ओशाळले. हात जोडले. तोंड उघडलं, पण शब्द काही येईना. साठी उलटलेला माणूस, दोन अक्षरांसाठी वाटेत उभा. शेवटी विठाबाईंनाच दया आली.

"ऱ्हाऊ द्या. घरी आरशापुढं सवय करा. पुढच्या गुरुवारी म्हणा."

त्यांनी खरंच सवय केली. सकाळी दूध आणायला निघताना रिकाम्या घराकडे वळून म्हणायचे, "येतो." पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा हसू आलं. सोमवारपर्यंत अगदी सफाईदार जमायला लागलं.

मंगळवारी सकाळी फोन आला. नंबर अनोळखी. "काका, मी तेजस्वी, विठामावशींच्या शेजारची. मावशी गेल्या. झोपेतच. सकाळी कढी द्यायला गेले तर..." नंतर म्हणाली, "भाचा येतोय, तीन वाजता नेणार आहेत. तुम्हाला कळवायचं असं त्यांनीच मागे सांगून ठेवलं होतं."

विष्णुपंतांनी कामट्यांचा भारा उचलला, परमानंदला फोन लावला आणि रिक्षा केली. या वेळी चेहऱ्यावर काही आणावं लागलं नाही. दारात गर्दी होती, आत विठाबाई भिंतीकडे डोकं करून निजल्या होत्या, नाकात कापूस. ओटीवर सगळी माणसं दाटीवाटीने उभी, पण लाल खुर्ची रिकामी होती.

"बसा काका," तेजस्वी म्हणाली. "त्या खुर्चीवर त्यांनी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही कधी. पाहुण्याची हाय, म्हणायच्या." मग पदराआडून तिने घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. ग्राफचा कागद, घड्या पडून मऊ झालेला. होडी.

"ही त्यांनी नको म्हटली होती," विष्णुपंत म्हणाले.

"नको कुठली! त्याच दिवशी मला दाखवली. म्हणाल्या, मला हीच करायची. बांबू वाकतो की नाय ते मला काय कळत नाय होय, टोपल्या विणणाऱ्यांच्या शेजारात वाढले मी. पण त्यांना इतक्यात सांगू नको. ठरलं की ते यायचे बंद होतील."

विष्णुपंतांनी कागद डोळ्यांपुढे धरला, पण त्यावरची मापं त्यांना दिसेनात. चार वर्षांत उमाताईंसाठीसुद्धा जे चारचौघांत आलं नव्हतं, ते रडू त्या ओटीवर आलं. तेजस्वीने पाणी आणून दिलं आणि जवळ उभी राहिली.

मग ते अंगणात बसले. कामट्या पाण्यात भिजवल्या, दोन टोकं धरली आणि हळूहळू दाब दिला. बूड वाकलं. कुठेही चिरलं नाही, करकरलं नाही. अर्ध्या तासात होडी उभी राहिली. परमानंद स्वतः फुलं घेऊन आला आणि शेजारी बसून सोपटं बांधायला लागला. पांढरी शेवंती, कडेला लाल अष्टर, आणि टोकाला बसायची फळी निशिगंधाची. तीन वाजता नितीनने ती उचलून विठाबाईंच्या पायाशी ठेवली. बायका म्हणाल्या, बापाची होडी ती. कुणा म्हाताऱ्याला तो होडीवाला आठवतही होता.

तिरडी उचलली. माणसं निघाली. कॅलिपरची पिशवी आत राहिली म्हणून विष्णुपंत मागे फिरले. बायका जमीन पुसत होत्या. विठाबाईंना ठेवलं होतं त्या जागी पीठ पसरून त्यावर दिवा लावला होता. विष्णुपंतांनी पिशवी घेतली, उंबऱ्यापाशी आले, आणि दिव्याकडे वळून स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाले,

"विठाबाई, येतो."

पुसणाऱ्या बायकांचे हात थांबले. एकीने कपाळाला हात लावला. तेजस्वी घाईने पुढे आली. "काका, अहो, आज असं म्हणायचं नसतं."

"ठाऊक आहे मला," विष्णुपंत म्हणाले. "पण गुरुवारपर्यंत थांबता आलं नाही त्यांना."

"येतो" म्हटलं की घरातलं माणूस "या" म्हणतं. म्हणून ते उंबऱ्यावर जरासे थांबले. मग चपला घातल्या आणि माणसं गेली होती त्या वाटेने नदीकडे चालू लागले.