मधली चित्रं

फोनवर खेळताना ज्ञानदेवांचं बोट एकदम झटक्याने उडालं. शेजारी बसलेल्या क्षितिजाने ते स्पष्ट पाहिलं. पण पडद्यावरची बस जराही डगमगली नाही. पुलाखालचं अरुंद वळण तिने अलगद घेतलं आणि थांब्यावर जाऊन उभी राहिली.

"शंभरात सत्त्याण्णव," ज्ञानदेव म्हणाले. "मागच्या महिन्यात पन्नासच्या वर जात नव्हतो."

क्षितिजा वडिलांच्या हाताकडे बघत राहिली.

त्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला नऊ महिने होत आले होते. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी यतीनशेठच्या मालकीची शाळेची बस चालवली होती, चेण्यापासून नवघरपर्यंत. अशाच पेशंटच्या हाताला व्यायाम व्हावा म्हणून क्षितिजाची कंपनी मोबाईलवर खेळ बनवत होती. त्यात बस घ्यायचं तिनेच सुचवलं होतं. गेल्या आठवड्यात ऑफिसात नव्या चिपचे फोन आले, त्यातला एक ती चाचणीसाठी घरी घेऊन आली. आता खेळ अडखळत नव्हता, फोन तापत नव्हता, रस्त्यावरचं ऊन खऱ्यासारखं दिसत होतं. तिच्या बॉस मृणालिनी मॅडम खूश होत्या. बुधवारी त्या हा खेळ एका हॉस्पिटलला दाखवणार होत्या.

"सकाळी यतीनशेठना फोन केला," ज्ञानदेव म्हणाले. "सोमवारी या म्हणाले. एक फेरी मारून बघू."

"मुलं असताना?"

"मग काय रिकामी बस फिरवू?"

"डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टर नुसती बोटं दाबून बघतात. इथे मार्क मिळतात."

क्षितिजाने त्यांच्याकडून फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन एक बटण बंद केलं आणि परत त्यांच्या हातात दिला.

"पप्पा, अजून एकदा खेळा."

पडद्यावरचं ऊन आता फिकं झालं होतं. दुसऱ्याच गल्लीत बस भिंतीला घासली. पुलाखाली ती फुटपाथवर चढली. एकोणपन्नास.

"फोन तापला असेल," ज्ञानदेव म्हणाले.

हो म्हणणं सोपं होतं. स्वयंपाकघराच्या दारात आई, वैजयंता, हात पुसत उभी होती. क्षितिजाने फोनची मागची बाजू चाचपली. गार होती.

"नाही पप्पा. फोन ठीक आहे." ती थांबली. "मघाशी एक बटण चालू होतं, तेव्हा चिप सगळी चित्रं काढत नव्हती. सेकंदाला वीस काढायची, आणि तेवढ्याच वेळा तुमचं बोट बघायची. मधली चित्रं अंदाजाने भरायची. त्या मधल्या वेळात हात उडाला, तर तिला कळायचंच नाही. ती बस सरळ पुढे न्यायची."

"म्हणजे सत्त्याण्णव…"

"सगळे तुमचे नव्हते."

ज्ञानदेवांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि त्यावर डावा ठेवला. वैजयंता पाणी आणायला आत वळली. खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी हिंदीत वाद घालत होतं. ज्ञानदेवांनी आपला जुना फोन उचलला आणि डाव्या अंगठ्याने नंबर लावला.

"यतीनशेठ, सोमवारचं राहू द्या. हात अजून तयार नाही… नाही, तसं नको. किती दिवस थांबाल? तुम्ही दुसरा माणूस ठेवा."

त्यांनी फोन ठेवला. वैजयंताने आणलेलं पाणी ते प्यायले.

"हा खेळ दुसऱ्यांनाही देणार ना?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी दाखवतील. हॉस्पिटलने घेतला तर तिथल्या पेशंटना देतील."

"त्यात ते बटण?"

"चालूच आहे." क्षितिजाने नजर खाली घेतली. "मीच चालू केलं होतं. बंद केलं तर खेळ जुनाट दिसतो. मॅडम म्हणतात, असा कुणी घेणार नाही."

ज्ञानदेव रागावले नाहीत. टीपॉयवर क्षितिजाचा स्वतःचा फोन पडला होता. त्यांनी तो उजव्या हाताने तिच्याकडे सरकवायला घेतला. हात दोनदा अडकला. वैजयंता मदतीला वाकली, तशी त्यांनी मानेनेच नको म्हटलं. फोन टीपॉयच्या कडेपर्यंत आला.

क्षितिजाने तो उचलला. मृणालिनी मॅडमचं नाव शोधून काढलं. नंबर लावला.

"बोल, क्षितिजा," पलीकडून घाईतला आवाज आला. "बुधवारचं सगळं तयार ना?"

ज्ञानदेव जागचे उठले नाहीत.

"मॅडम, जरा निवांत आहात का?" ती म्हणाली. "त्या बटणाबद्दल बोलायचंय, मला थोडा वेळ लागेल."